वेळेचा हिशेब मांडायचा तर पुरता मांडा

दिवाळी जवळ आली की काटकसरीने राहणाऱ्यांना शहाणपण शिकवणारे कोणीतरी भेटतेच. अशाच एका सुशिक्षित गृहस्थांचे मत परवा सविस्तर ऐकावे लागले. त्याचा सारांश असा: घरी केलेली वस्तू भेट देणे म्हणजे कंजूषपणाला मायेचे नाव देणे, आणि वर तो कंजूषपणा महागही पडतो. चांगला पगार असलेल्या माणसाने चार तास करंज्यांत घालवले, तर त्या चार तासांच्या पगाराएवढी त्या करंज्यांची किंमत झाली. त्यापेक्षा हजार रुपयांची सुक्या मेव्याची पेटी द्यावी. दोन्ही घरांची प्रतिष्ठा राहते. शिवाय घरच्या कामाचा भार बायकांवर पडतो, घेणाऱ्याला ती वस्तू नकोच असते, आणि सगळेच असे वागू लागले तर बाजार चालायचा कसा?

बाजाराची काळजी त्यांनी करू नये. मैदा, तूप, पोहे, खोबरे, डाळे आमच्या परसात उगवत नाहीत, ते वाण्याकडूनच येते.

घेणाऱ्याला वस्तू नकोच असते, याला त्यांनी आधार दिला तो १९९३ साली एका अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने नाताळच्या भेटींवर लिहिलेल्या निबंधाचा. भेटीच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो, कारण घेणाऱ्याने स्वतः त्या वस्तूला तेवढे पैसे मोजले नसते, असा त्याचा निष्कर्ष होता. पण त्याच निबंधात पुढे असेही आहे की ही घट मित्रांच्या आणि जिवलगांच्या भेटींत सर्वांत कमी होती. म्हणजे दोष भेटीत नाही, घेणाऱ्याला न ओळखण्यात आहे. आत्याला गोड चालत नाही हे माहीत असणारा भाचा तिला कडबोळी करून देतो. न उघडताच चार घरे फिरणारी सुक्या मेव्याची पेटी कोणाला ओळखून दिलेली असते?

आता वेळेचा हिशेब. माझा खरा राग त्यावर आहे, कारण तो शास्त्रीय दिसतो आणि मुळातच चुकीचा आहे. पगारदार माणसाचा रविवारचा तास कोणी विकत घेत नसते. त्याने चकल्या विकत आणल्या म्हणून पगार वाढत नाही आणि घरी केल्या म्हणून कापला जात नाही. ज्याला त्या तासाचे खरोखर पैसे मिळतात, त्या रिक्षावाल्याने किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईने असा हिशेब मांडला तर मी तो ऐकून घेईन. हे गृहस्थ तर महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार घेतात. बरे, तास मोजायचेच ठरले तर सगळे मोजा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बाजारात गाडी लावायला जागा शोधणे, रांगेत उभे राहणे, मोबाईलवर तीस पेट्या पाहून एकतिसावी मागवणे, ती फुटून आली म्हणून परत करणे, हे तास त्यांच्या वहीत कुठे आहेत? क्रिकेटचा सामना पाहताना गेलेल्या दुपारची किंमत त्यांनी कधी काढली? ते काढत नाहीत, कारण ती दुपार त्यांना स्वतःच्या आनंदाची वाटते. करंजीच्या दुपारीही आनंद असू शकतो हे मात्र त्यांना मान्य नाही. एक जण पारी लाटतो, एक सारण भरतो, मुले कातण फिरवतात, आजी मुरड घालायला शिकवते, आणि वर्षभर जे बोलायचे राहून गेले ते त्या वेळात बोलून होते. हा खर्च कसा?

शिवाय पदार्थाला लागणारा वेळ आणि हाताला लागणारा वेळ यांतला फरकच त्यांना ठाऊक नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, तेव्हा आपण रोज पाणी बदलायचे एवढेच. मग ते उपसून कापडावर पसरायचे, दमट असतानाच कुटून चाळायचे, गूळ मिसळून गोळे डब्यात ठेवायचे. पुढचे काही दिवस पीठ आपले आपण मुरते. खसखशीवर थापून तुपात सोडण्याचे काम उरते ते एका संध्याकाळचे. त्यांच्या हिशेबात मात्र हा अख्खा आठवडा माणूस चुलीपाशी बसलेला असतो!

हाच वाद पूर्वी रुखवतावरून झाला होता. मुलीने आणि तिच्या मावश्या-काकूंनी केलेले भरतकाम, विणकाम, साखरेचे प्रकार कशाला, कोणाला वेळ आहे, असे तेव्हाही बजावले गेले. आता तयार रुखवत मिळते, भाड्यानेही मिळते. खर्च कमी झाला नाही. कमी झाले ते थांबून बघणारे लोक, कारण ‘हे कोणी केले?’ असे विचारण्यासारखे त्यात काही उरलेले नाही. दिवाळीच्या किल्ल्याचेही तेच झाले. मुलांचे हात मातीत जाऊ नयेत म्हणून तयार किल्ला आणायचा, आणि मग मुले दिवसभर स्क्रीनसमोर असतात अशी तक्रार करायची.

बायकांवरच्या भाराचा मुद्दा मात्र खरा आहे. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. पण यावरून पुरुषांनी झारा हातात घ्यावा असे निघते. पेटी विकत आणावी असे निघत नाही. विकतची चकलीही बहुधा कुठल्यातरी बाईनेच तळलेली असते.

मग करावे काय? एक रक्कम आधी ठरवावी आणि तिच्या पुढे जाऊ नये. दहा पदार्थांचा हट्ट सोडून जो एक चांगला जमतो तो जास्त करावा. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नागरमोथा आणि आंबेहळद घालून केलेले उटणे, जुन्या साडीची पिशवी किंवा बाळासाठी दुपटे, बांबूच्या काड्यांचा कंदील: यांतले काहीही द्यायला लाज वाटण्याचे कारण नाही.

हे पैशांशी जोडलेले आहेच, ते मी लपवत नाही. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीप्रमाणे शहरात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,४५९ रुपये होता, खेड्यात ३,७७३. शहरातल्या चौघांच्या कुटुंबाने आठ घरी हजाराची पेटी दिली, तर महिन्याच्या खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यात गेला. फराळाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत; काही नसेल तर चिमूटभर साखर घालावी. ती रीत टिकली, कारण साखर सगळ्यांकडे असते. हजाराच्या पेटीला हजाराचेच उत्तर द्यावे लागते. ज्याला ते जमत नाही तो आधी येणे कमी करतो, मग आपण दिवाळीत गावाला असतो असे कळवू लागतो. अशी माणसे प्रत्येक कुटुंबात असतात, आमच्याही आहेत, आणि त्यांचे न येणे मला सहन होत नाही.

म्हणून यंदा आमच्या भावंडांत, जावा-दिरांत ठरले आहे: विकतची पेटी कोणी आणायची नाही, प्रत्येक घराने एकच पदार्थ करायचा आणि सगळ्यांना वाटायचा. चकली धाकट्या भाऊजींकडे आहे. भाजणी मी दळून देणार, सोऱ्या त्यांनी फिरवायचा.