दाखल्याआधी भाषेचे विचारा

गेल्या जूनमध्ये आमची भाची दुबईहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी राहायला आली. मेहुण्यांची तिकडची नोकरी संपली आणि चौदा वर्षांचा संसार सहा बॅगांत भरून सारे परतले. आठवी पास झालेल्या मुलीला नववीत घालायचे, एवढेच काम उरले होते. दाखला होता, गुणपत्रक होते, गणित-विज्ञानात गुणही चांगले होते. अडचण येईल असे कुणालाच वाटले नाही. अडचण आली ती भाषेची.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुख्याध्यापकांनी विचारले, "मराठी कितवीपर्यंत झालीय?"

आमची बहीण म्हणाली, "घरात बोलतो ना सर. शाळेत नव्हती. पण तिला अरबी चांगली येते, फ्रेंचही येते. मराठीऐवजी अरबी घेता येईल ना?"

"अरबी मंडळाच्या यादीत आहे, पण आमच्याकडे शिकवणार कोण? आणि मराठी तर घ्यावीच लागेल."

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या.

दुबईत त्या मुलीचे काही चुकले नव्हते. तिथल्या खासगी शाळांत अरब नसलेल्या मुलांनाही पहिलीपासून नववीपर्यंत अरबी शिकावीच लागते. दुसरी भाषा म्हणून पाचवीपर्यंत तिला हिंदी होती. सहावीत मैत्रिणींनी फ्रेंच घेतली, म्हणून हिनेही घेतली. तिथे या दोन्ही भाषांचे गुण मोजले जात होते. इथे त्या वर्गात दोन्हींना जागा नव्हती.

या शाळेत पहिली भाषा इंग्रजी, दुसरी मराठी. तिसरीसाठी पूर्ण हिंदी, नाहीतर पन्नास गुणांची हिंदी आणि पन्नास गुणांचे संस्कृत असा संयुक्त विषय. संस्कृत बाकीच्या मुलांनी आठवीतच सुरू केलेले, म्हणून आम्ही पूर्ण हिंदी घेतली. निदान अक्षरे तरी ओळखीची होती.

मेहुण्यांच्या मनात आले की केंद्रीय मंडळाची शाळा पाहिली तर मराठी टळेल. तसे नाही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात करून ते टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांत गेले. कुणी उर्दू माध्यम सुचवले. पण जिने विज्ञान आणि भूगोल आठ वर्षे इंग्रजीत वाचला, तिला नववीत सगळेच विषय नव्या लिपीत वाचायला लावणे म्हणजे एका विषयाची अडचण सहा विषयांत नेणे. तो विचार सोडला.

शाळेने आणखी एक मार्ग दाखवला. पुन्हा आठवीत बसवा, वर्षभरात मराठी होईल. त्यावर भाची पहिल्यांदा बोलली. "मी नापास झाले नाही, मग मागे का बसू?" आम्हा मोठ्यांकडे याला उत्तर नव्हते. नववीतच नाव घातले.

पहिल्या घटक चाचणीत मराठीत वीसपैकी चार गुण मिळाले. त्याहून वाईट म्हणजे वर्गात ती "मी ती पुस्तक वाचली" असे म्हणाली आणि मुले हसली. किताब वाचली जाते, मग पुस्तक वाचले का जाते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. महिनाभर ती वर्गात गप्प राहिली आणि मग घरातही मराठी बोलेनाशी झाली. आम्हाला गुणांपेक्षा याची धास्ती वाटली.

मग मराठीच्या बाईंनी वाट दाखवली. नववीचे अक्षरभारती बाजूला ठेवा, चौथीचे पुस्तक आणा, रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचायला लावा. बालभारतीची पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, त्यामुळे खर्चही नव्हता. ऐकायला बसली नानी. नानी चौथी शिकलेली, बोलणे सारे आपल्या कोकणी बोलीतले. पण 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा, 'बाळ' मधला ळ म्हणजे ल नव्हे, हे तिला कोणत्याही शिकवणीवाल्याइतके पक्के ठाऊक. दिवाळीपर्यंत चौथीचे पुस्तक संपले, पाचवीचे निम्मे झाले. सहामाहीत भाची मराठीत काठावर पास झाली. काठावरच. पण शाळेतून आली की बाईंनी काय सांगितले ते पुन्हा मराठीत सांगू लागली.

अरबीबद्दलही बोलायला हवे, कारण आपल्या घरांत एक गैरसमज असतो. मुलाचे नाजरा झाले म्हणजे अरबी आली, पुढे विषय घेतला तर गुण हमखास, असे आपण धरून चालतो. भाचीचे दुबईचे पुस्तक आम्ही चाळले. त्यात बाजारहाट होता, मित्राला पत्र होते, क्रियापदांची रूपे होती, आणि वरच्या पाठांत जेर-जबर फारसे नव्हतेच. कुरआन शरीफ पाहून वाचता येणे ही मोठी गोष्ट आहे, पण भाषा समजणे हा वेगळा अभ्यास आहे. भाची आता दर शुक्रवारी मामेभावंडांना अरबीचे दहा शब्द शिकवते. अकरावीला अरबी शिकवणारे कॉलेज मिळाले, तर तिचा विषय तिला परत मिळेल.

शाळा बदलताना आपण फी विचारतो, बस विचारतो, मुलींसाठी वातावरण कसे ते विचारतो. त्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. या वर्गात कोणत्या भाषा आहेत आणि त्या पूर्ण की संयुक्त? वर्गातली मुले त्या भाषा कितवीपासून शिकताहेत? आपल्या मुलाची आधीची भाषा शिकवणारे शिक्षक शाळेत प्रत्यक्ष आहेत का? यादीत विषय असणे आणि वर्गात शिक्षक असणे यांत फरक आहे. आणि चौथे, भाषा बदलायची झाल्यास कोणत्या तारखेपर्यंत बदलता येईल? दहावीचा फॉर्म भरल्यावर हे सुचून उपयोग नसतो. जमत असेल तर बदल आठवीच्या आधी करावा, नाहीतर दहावीनंतर. नववी आणि दहावीच्या मधे नकोच.

आखातात असलेल्या आमच्या भावाबहिणींना एवढेच सांगणे. परतायची तारीख कुणाच्याच हातात नसते. घरात मराठी बोलता, ते चांगलेच आहे, पण मुलाला ती वाचायलाही लावा. आमच्या बहिणीने चौदा वर्षे रोज फोनवर नानीशी बोलणे करून दिले. चौदा वर्षांत एकदा नानीला पत्र लिहायला लावले असते, तरी त्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर मुलीची मान खाली गेली नसती, असे ती आता स्वतःच म्हणते.