हशा कोणाचा, गल्ला कोणाचा?

शहाण्या लोकांचें एक ठरीव मत आहे कीं, विनोदाला जात नसते. चार माणसें एकत्र बसून हंसलीं कीं भेद आपोआप मिटतात. अमेरिकेंतील काळ्या लोकांनीं टीव्हीवर केलेल्या बतावण्यांची गोष्ट निघाली म्हणजे तर ही पोपटपंची हमखास ऐकूं येते. पहा, काळे नट गोऱ्यांच्या दिवाणखान्यांत गेले, गोरे पोट धरून हंसले, झाला एकोपा! आमचें म्हणणें असें कीं, हें साफ खोटें आहे. कोण हंसलें एवढें पाहून भागत नाहीं. कोणाला हंसलें आणि गल्ल्यावर कोण बसला होता, हेंहि पाहिलें पाहिजे.

बतावणी हा शब्द आम्ही जाणून वापरला. तमाशांत सोंगाड्या घटकाभर जी थट्टा उडवितो तसलाच तो प्रकार. पांच-सात मिनिटांचा एक प्रवेश, कीं लगेच दुसरा.

ह्या धंद्याचें मूळ पहा. सन १८३० च्या सुमारास टॉमस राइस नांवाच्या गोऱ्या नटानें जळक्या बुचाची काजळी तोंडास फांसून 'जिम क्रो' नांवाच्या काळ्या माणसाचें सोंग आणलें. नाच वेडावांकडा, बोली मोडकी. प्रेक्षक लोटपोट झाले. ज्यांचें सोंग, ते त्या वेळीं मळ्यांत फटके खात होते. पुढें काळ्यांना शाळेंत, गाडींत, पाणवठ्यावर निराळें ठेवणारे कायदे झाले, त्यांना लोक जिम क्रोचे कायदे म्हणूं लागले. सोंगाचें नांव थेट कायद्याला! अमेरिकेनें गुलामगिरी मोडली म्हणून जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक तेथील लोकांस अर्पण केलें, तें योग्यच केलें. पण बेडी तुटली तरी सोंग तुटलें नव्हतें. १९२८ सालीं 'एमॉस आणि अँडी' हा रेडिओचा खेळ निघाला, त्यांतील काळ्यांचे आवाज दोघे गोरेच काढीत. १९५१ सालीं तोच खेळ टीव्हीवर आला तेव्हां काळे नट घेतले, परंतु मुखवटा जुनाच. काळ्यांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या एन. ए. ए. सी. पी. संस्थेनें जोराचा निषेध केला व १९५३ सालीं खेळ थांबला. त्या नटांना आम्ही दोष देत नाहीं. पोट कोणाला नाहीं?

मग स्वतःचें लिहून स्वतः सांगणारे आले. १९७० सालीं फ्लिप विल्सनचा कार्यक्रम निघाला व घरोघर गाजला. १९७७ सालीं एन. बी. सी. कंपनीनें रिचर्ड प्रायर ह्यास बोलाविलें. हा गडी तिखट. त्यानें पहिलाच प्रवेश असा रचला कीं, टीव्हीवर येण्यासाठीं मीं कांहींच गमावलें नाहीं असें तो ऐटींत सांगतो, आणि कॅमेरा मागें सरतो तों त्याचें पुरुषपणच नाहींसें झालेलें! कंपनीनें तो प्रवेश कार्यक्रमांत येऊं दिला नाहीं. म्हणजे त्याचें म्हणणें कंपनीनेंच खरें करून दाखविलें. चार भागांत कारभार आटोपला.

१९९० सालीं कीनन वेअन्स ह्यानें भावंडांना घेऊन फॉक्स कंपनींत 'इन लिव्हिंग कलर' सुरू केलें. २६ जानेवारी १९९२ रोजीं अमेरिकेच्या फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना चालू असतां मधल्या सुट्टींत ह्यांनीं आपला खेळ लावला, तों कोट्यवधि लोक सामना सोडून इकडे वळले. पुढच्या वर्षीं सामनेवाल्यांना त्या सुट्टीसाठीं मायकेल जॅक्सन आणावा लागला. एवढें पीक ज्यानें काढलें, त्याचें जुने भाग पुन्हां पुन्हां दाखविण्यावरून कंपनीशीं बिनसलें व तो आपण उभारलेलें घर सोडून गेला.

आतां डेव्ह शॅपेल. २००३ सालच्या त्याच्या पहिल्याच कार्यक्रमांत एक आंधळा काळा आहे. तो जन्मभर स्वतःस गोरा समजून काळ्यांच्या द्वेषाचीं पुस्तकें लिहितो. असा बोचरा माणूस. पांच कोटि डॉलरांचा करार हातांत असतां २००५ सालीं तो काम टाकून दक्षिण आफ्रिकेस निघून गेला. लोक म्हणाले, वेडा झाला. त्यानें पुढच्या वर्षीं कारण सांगितलें. तोंड काळें रंगवून तो एक प्रवेश करीत होता, तेव्हां तेथला एक गोरा इसम हंसला. आणि तें हंसणें आपल्या बोलण्याला नसून आपल्यालाच आहे असें त्याच्या मनानें घेतलें.

हें वाचलें त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांत आमचे एक गुरुजी खेड्यांतल्या पोरांच्या 'आनि-पानी'ची नक्कल करीत. सारा वर्ग हंसे, मीहि हंसें. सुट्टींत घरीं गेलों. बाप शेतावरून आला, 'पानी दे' म्हणाला, आणि माझ्या ओठांवर तेंच हंसूं आलें. त्यानें तें पाहिलें. तांब्या घेतला, बोलला कांहीं नाहीं.

शॅपेलची गोष्ट येथेंच संपत नाहीं. २०२० सालीं त्याचा जुना कार्यक्रम नव्या कंपन्यांच्या पडद्यावर विकला गेला, त्याला पैसा नाहीं. करार कायदेशीर, सही त्याचीच. सावकाराच्या कागदावर अंगठा नेहमीं कुळाचाच असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्यानें लोकांना उघड सांगितलें कीं, माझा कार्यक्रम पाहूं नका. नेटफ्लिक्स कंपनीनें तो उतरविला. २०२१ सालीं हक्क व पैसा दोन्ही हातीं आल्याचें त्यानें जाहीर केलें. एकोप्याचे गोडवे गाणारे पंडित हें प्रकरण कधीं सांगत नाहींत.

आणि ज्यांची बाजू आम्ही घेतों त्यांचाहि एक दोष लपवूं नये. फ्लिप विल्सनचें सर्वांत गाजलेलें सोंग म्हणजे जेराल्डीन. बाईच्या वेषांत तो स्वतः. पुढें ही वाटच पडली. बायकांवर हशा पिकवायचा, पण बाईला रंगमंचावर जागा द्यायची नाहीं. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' १९७५ पासून चालू. त्यांत काळ्या नट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. २०१३ सालीं केनन टॉमसन ह्या काळ्या नटानें, यापुढें मी बाईचें सोंग घेणार नाहीं, असें सांगितलें; तेव्हां मंडळींत एकहि काळी बाई नव्हती. ओरड झाली, म्हणून जानेवारी २०१४ मध्यें एक घेतली. रॉबिन थीड बाईंनीं काळ्या स्त्रियांनींच लिहिलेल्या व केलेल्या बतावण्यांचा कार्यक्रम काढला तो २०१९ सालीं. विनोदाला जात नसते म्हणणाऱ्या पंडितांनीं मधल्या वर्षांचा हिशोब आधीं द्यावा, मग आम्हांस एकोपा शिकवावा.