गोव्याच्या पावसात सिएटलचं जॅकेट



आज जुनी आठवण नाही, गेल्या जुलैची गोष्ट सांगतो. तिच्यावरून माझं एक मत झालं आहे. आपल्या वयाच्या सगळ्यांनी निदान ऐकून घ्यावं.

थोरला मुलगा सिएटलला असतो. मागच्या खेपेला त्याने मला पावसाळी जॅकेट आणलं. काळं, तीन थरांचं, उंची. किंमत त्याने सांगितली नाही. मी लेबल पाहिलं, मनात रुपये केले आणि गप्प बसलो.

आमच्या फोंड्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पडतो धो धो, पण गारवा असा नाही. सकाळी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून फिरायला निघालो. बाहेरून एक थेंब आत आला नाही. पण वीस मिनिटांत आतला सदरा घामाने पिळून काढावा असा झाला. चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि देवळाच्या पायरीवर बसलो तो उठवेना. फुलं विकणाऱ्या बाईने चेन उघडली, पाणी पाजलं. डॉक्टर म्हणाले, "काका, बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि तुम्ही स्वतःला पिशवीत कोंडून चढ चढता?"

जॅकेट वाईट नव्हतं. जागा चुकली होती. या कापडाची छिद्रं इतकी बारीक, की पाणी आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ आपण होऊन जात नाही. आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती निघते. सिएटलचा पाऊस मुख्यतः हिवाळ्यातला, थंड. थंड हवेत वाफ थोडीच मावते, त्यामुळे तिथे आतबाहेरचा फरक मोठा. आपल्याकडे जुलैत बाहेरची हवाच वाफेने भरलेली, फरक जेमतेम निम्मा उरतो. त्यात वरचं कापड भिजलं की उरलासुरला मार्गही बंद.

म्हणून माझं मत असं: उष्ण पावसात जॅकेट घेताना 'पाणी किती अडवतं' याआधी 'हवा कुठून खेळते' हे बघा. लेबलवर १०,००० मिलिमीटर वगैरे आकडा असतो. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसतं, एवढाच त्याचा अर्थ. घामाबद्दल तो काही सांगत नाही.

मी नंतर म्हापशाच्या बाजारात जाऊन साधं, एकपदरी, पातळ नायलॉनचं जॅकेट घेतलं. बघून घेतलं ते एवढंच: काखेत उघडता येणाऱ्या चेन, पाठीवर झडपेखाली जाळी, एक माप मोठं, लांबी कमरेखाली, शिवणींवर आतून पट्टी, टोपीला पुढे छज्जा म्हणजे चष्म्यावर पाणी येत नाही. रंग पिवळा. काळ्या रेनकोटातला म्हातारा पावसात गाडीवाल्याला दिसत नाही. दुकानात अंगात घालून, चेन लावून दोन जिने चढून बघा. तिथेच घुसमटलात तर रस्त्यावर काय होईल? आतही जाड सुती सदरा नको, तो भिजला की वाळत नाही. घरी आल्यावर जॅकेट दमट घडी करून कपाटात कोंबू नका. आपल्या हवेत आतला लेप चिकट होऊन सुटतो.

लहानपणी शेतात लावणीच्या वेळी बायका इरलं पांघरून वाकलेल्या असायच्या. बांबूच्या कामट्या आणि पानं. डोकं आणि पाठ झाकलेली, बाकी सगळं मोकळं. थोडं भिजायचंच, हे त्यात धरलेलं असे. आपण मात्र कोरडं राहायच्या हट्टाने आतून भिजतो.

कोणी म्हणेल, छत्री काय वाईट? वारा नसेल तर उत्तमच. पण शेवाळलेल्या पायऱ्यांवर या वयात एक हात कठड्यासाठी मोकळा हवा. आणि स्कूटरवर जाणाऱ्यांना तर छत्री उपयोगाची नाहीच.

आणखी एक बोलतो. 'पाऊस संपला की सुरू करू' म्हणत चार महिने फिरणं बंद करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मीही दोन वर्षं तेच केलं, आणि दोन्ही वर्षी दिवाळीआधीच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. तेव्हा घरात बसणं हा उपाय नाही. थोडं भिजा, पण चाला.

मुलगा व्हिडिओ कॉलवर विचारतो, "बाबा, जॅकेट वापरता ना?" मी "हो" म्हणत आलो. पायरीवरची गोष्ट त्याला सांगितलेली नाही. तोही हा समूह वाचतो, म्हणून आता इथेच सांगतो: बाळा, जॅकेट कपाटात नीट आहे. तुझ्याकडे हिवाळ्यात येईन तेव्हा तेच घालीन.