जोखमीची मजुरी कोणी भरायची?

नातेपुत्याच्या पेठेला दिवाळीइतकेच महत्त्व असते ते पालखीच्या मुक्कामाचे. बरड सोडून माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्यात होतो. दिंड्यांचा शिधा, डाळ-तांदूळ, साखर, चहापत्ती, तेल यांच्या खरेदीने किराणा दुकाने रात्री उशिरापर्यंत गजबजलेली असतात. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे मात्र ही गर्दी झाली नाही. माउलींच्या पादुका एस. टी.ने पंढरीला गेल्या. पालखीतळ मोकळाच राहिला.

मुक्काम चुकला, तरी रोजचा किराणा चुकला नाही. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला तेव्हा किराणा दुकाने 'अत्यावश्यक' म्हणून उघडी ठेवली गेली. दुकानापुढे चुन्याची वर्तुळे आखली गेली, फळीच्या पुढे दोरी बांधली गेली, आणि दोरीच्या आतल्या बाजूला साखर तोलणारा, पुडी बांधणारा, पोती उतरवणारा माणूस दिवसभर उभा राहिला. आपण घरात बसून भाजी धुऊन घेत होतो, दुधाची पिशवी पुसून घेत होतो. तो मात्र शंभर जणांच्या हातांतल्या नोटा मोजत होता. या वाढीव जोखमीचे त्याला काय मिळाले? बहुतेक ठिकाणी नेहमीचाच पगार, आणि तोही दुकानाची वेळ कमी झाली म्हणून कुठे कुठे कापून.

डॉक्टर, परिचारिका आणि आशा सेविकांसाठी केंद्र सरकारने पन्नास लाखांच्या विम्याची योजना मार्च २०२० मध्येच जाहीर केली आणि ते योग्यच झाले. धान्य-किराणा हाताळणाऱ्यांच्या वाट्याला तसे काही आले नाही. वाशीच्या बाजार आवारात रुग्ण वाढत गेले आणि ११ ते १७ मे २०२० असा आठवडाभर तो बाजार बंद ठेवावा लागला. माथाडी संघटनांनी विमा संरक्षण मागितले, रेशन दुकानदारांनीही मागितले. पण खेड्यापाड्यांतल्या दुकानात काम करणाऱ्या पोरासाठी मागणी करायला कोणी संघटनाच नव्हती.

बाजाराने स्वतःहून का दिले नाही?

अर्थशास्त्राचे जुने तत्त्व असे की काम जितके त्रासाचे वा धोक्याचे, तितकी त्याची मजुरी जास्त. ॲडम स्मिथने १७७६ सालीच हे लिहून ठेवले आहे. मग २०२० मध्ये ते लागू का पडले नाही? कारण धोका वाढला त्याच वेळी काम मागणारे हातही वाढले. पुण्या-मुंबईतले कारखाने, हॉटेले, बांधकामे बंद पडली आणि तिथली मुले गावी परतली. एकाने 'धोका आहे, दोन पैसे वाढवा' म्हटले, तर दारात दुसरे दोघे उभे. अशा वेळी धोक्याची किंमत बाजार देत नाही. ती द्यायची असेल तर कायद्याने तरी द्यावी लागते, नाहीतर मालकाच्या भलेपणाने.

अमेरिकेत हे दोन्ही प्रयोग झाले. तिथल्या क्रोगर या मोठ्या किराणा साखळीने सुरुवातीला कामगारांना तासाला दोन डॉलर जादा दिले आणि मे २०२० मध्ये ते बंद केले. साथ मात्र संपलेली नव्हती. तेव्हा काही शहरांनी कायदाच केला. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराने जानेवारी २०२१ मध्ये मोठ्या किराणा कंपन्यांना तासाला चार डॉलर जोखीम भत्ता १२० दिवसांसाठी सक्तीचा केला. सिएटलनेही चार डॉलरचाच नियम केला. क्रोगरने उत्तर म्हणून लाँग बीचमधली दोन आणि सिएटलमधली दोन दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. ही दुकाने आधीपासूनच नीट चालत नव्हती, भत्त्याने ती आणखी परवडेनाशी झाली, असे कंपनीचे म्हणणे होते. टीकाकारांनी दाखवून दिले की याच कंपनीचा २०२० चा नफा आदल्या वर्षीच्या दीडपटीहून अधिक होता.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कंपनीला भत्ता परवडत होता, आणि तरीही तोट्यातले एखादे दुकान बंद करायला त्या भत्त्याने निमित्त दिले. ज्यांना चार डॉलर मिळाले त्यांचे भले झाले. बंद दुकानातल्या कामगाराला दुसरीकडे जावे लागले आणि त्या वस्तीतल्या गिऱ्हाइकाला लांबच्या दुकानाची वाट धरावी लागली. सक्तीच्या भत्त्याचा हिशेब करताना या दोन्ही बाजू मांडायला हव्यात.

नातेपुत्याचा हिशेब

आता हाच नियम आपल्या पेठेत लावून पाहू. समजा, एका दुकानाची रोजची विक्री १५ हजार रुपये, म्हणजे महिन्याला साडेचार लाख. किराण्यात सुटणारा नफा सरासरी आठ टक्के धरला तर ३६ हजार. भाडे, वीज आणि इतर खर्च आठ हजार, एका नोकराचा पगार दहा हजार. मालकाच्या हाती उरले १८ हजार. नोकराला पगाराच्या चौथाईइतका जोखीम भत्ता सक्तीचा केला तर अडीच हजार गेले. मालकाची कमाई जवळजवळ चौदा टक्क्यांनी घटली. तो काय करील? एक तर नोकर कमी करून बायको-मुलाला फळीमागे उभे करील, नाहीतर कागदावर एक आणि हातात एक असा पगार देईल. शिवाय इथला मालक काही दूरच्या कचेरीत बसलेला नसतो. तोही त्याच दोरीच्या आत उभा असतो, आणि गिऱ्हाइकांची उधारीची वहीही तोच सांभाळतो.

पण हेच अडीच हजार गिऱ्हाइकांत वाटले तर? साडेचार लाखांच्या विक्रीवर ते शंभर रुपयांमागे सुमारे ५५ पैसे होतात. महिन्याला चार हजारांचा किराणा भरणाऱ्या घराला २२ रुपये. एकट्या दुकानदाराला जो बोजा जड, तो सर्वांत वाटला तर जाणवतही नाही. अडचण इतकीच की एकटा दुकानदार तो वाटू शकत नाही. पुड्यांवर छापील किंमत असते, आणि सुट्या साखरेचा भाव वाढवला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. सर्वांना एकाच वेळी लागू होणारी व्यवस्था हवी.

तोडगा आपल्याच घरात

अशी व्यवस्था महाराष्ट्राने जगाला दाखवण्याइतकी लवकर उभी केली. मुंबईच्या बाजारपेठांत डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले, पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आला. किराणा बाजार व दुकानांतली चढ-उतार, थप्पी, तोलाई ही कामे त्याच्या अनुसूचीत आहेत. मालकाने मजुरी थेट हमालाच्या हातावर न ठेवता मंडळात भरायची, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार, बोनस, औषधपाणी. माणूस आज एका गाळ्यावर, उद्या दुसऱ्या गाळ्यावर काम करो, त्याच्या नावाची शिल्लक एकाच ठिकाणी जमा होत राहते.

या कायद्याचे दोषही लपवण्यासारखे नाहीत. लेव्ही चुकवण्यासाठी नोंदणी टाळणारे मालक आहेत, माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही निघाल्या. आणखी एक गोष्ट शेतकरी घरांना चांगली ठाऊक आहे. बाजारात माल नेल्यावर हाती येणाऱ्या हिशेबपट्टीत हमाली, तोलाई, वाराई कापलेली असते. बोजा ज्याच्यावर टाकला त्याच्यावर तो राहत नाही. साखळीत सर्वांत अगतिक असतो त्याच्याकडे घरंगळत जातो. म्हणून पैसा किती घ्यायचा याइतकेच तो कोणत्या टप्प्यावर घ्यायचा हे महत्त्वाचे.

माझ्या मते तो घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर, दुकानात माल येताना घ्यावा, शेतकऱ्याच्या पट्टीवर नव्हे. आणि साथ आल्यावर नव्हे, आजपासून. वरच्याच दुकानाचा हिशेब घ्या. त्याची महिन्याची खरेदी चार लाख १४ हजारांची. त्यावर शंभर रुपयांमागे फक्त दहा पैसे घेतले तर महिन्याला ४१४ आणि वर्षाला ४,९६८ रुपये जमतात. पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा या दोन योजनांचा वर्षाचा हप्ता मिळून ४५६ रुपये आहे. तो भरून उरलेले बाजूला ठेवले तर पाच वर्षांत साडेबावीस हजार होतात. म्हणजे साथ, पूर वा तसेच काही संकट आले तर त्या एका नोकराला महिना अडीच हजार जोखीम भत्ता नऊ महिने देता येईल, आणि मालकाला ऐन मंदीत एक पैसाही खिशातून काढावा लागणार नाही. कारभाराचा खर्च वजा केला तरी सात-आठ महिने कुठे गेले नाहीत.

याला दोन अटी हव्यात. पहिली, दुकानातल्या नोकराचे नाव कुठेतरी लिहिलेले हवे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे ठेवले. छोट्या दुकानदाराची कागदपत्रांतून सुटका झाली, पण तिथला नोकर सरकारच्या वहीत दिसेनासा झाला. ज्याचे नावच नाही त्याला भत्ता कसा पोचणार? दुसरी अट, निधीचा हिशेब तालुक्याच्या पातळीवर उघडा असावा आणि पैसे थेट नोकराच्या बँक खात्यात जावेत. नाहीतर मंडळ होईल, गाडी येईल, कचेरी सजेल आणि दहा पैशांतले आठ तिथेच संपतील.

२०२२ पासून पालखी पुन्हा नातेपुत्यात मुक्कामाला येऊ लागली. फळीमागचा पोरगाही पुन्हा रात्री उशिरापर्यंत शिधा बांधू लागला. त्या दोन वर्षांत त्याच्यामुळे आपल्या घरची चूल पेटत राहिली, हे आपण सगळेच कबूल करतो. चार हजारांच्या किराण्यामागे चार रुपये एवढीच त्या कबुलीची किंमत आहे. ती द्यायला कोणत्याही घराची हरकत असेल असे वाटत नाही. फक्त ती मागायला आजवर कोणी आलेले नाही.