मुक्ताबाई आपली कोण?

“मांगाच्या मुलीचा निबंध आपल्या मंडळात कशाला वाचायचा?” पांढुर्ण्यात एकीने विचारलं, सौंसरला दुसरीने. दोघी शिकलेल्या, दोघी नेमाने मंदिरात जाणाऱ्या. तेव्हा उत्तर सगळ्याच बायांना देते.

मुक्ताबाई साळवे पुण्याची. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकली. चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने तो दोन अंकांत छापला. पोरीने काय काय विचारलं त्यात! वेद आमचे नाहीत म्हणता, तर मग आमचा धर्म कोणता? जो धर्म एकाने भोगावा आणि बाकीच्यांनी नुसतं त्याच्या तोंडाकडे पाहावं, तो बुडालेलाच बरा. इमारतीच्या पायात जिवंत पुरलेली माणसं तिने लिहिली. डोक्यावर छप्पर नसताना ऊनपावसात बाळंत होणाऱ्या बाया लिहिल्या. हे बाळंतपण त्या काळी दुसरं कोण लिहिणार होतं?

‘ज्ञानोदय’ अमेरिकन मिशनचं पत्र. ज्या अमेरिकन बोर्डाचं हे मिशन, त्याच बोर्डाची एक शाळा तिकडे अमेरिकेत चेरोकी या मूळ रहिवाशांच्या मुलखात होती. तिथे कॅथरीन ब्राऊन नावाची चेरोकी मुलगी शिकली, ख्रिस्ती झाली आणि १८२३ मध्ये ऐन तारुण्यात क्षयाने गेली. दोन वर्षांत बोर्डाच्या रुफस अँडरसनने तिचं चरित्र छापलं. भाविक, नम्र, उपकार मानणारी मुलगी. घरोघरी वाचली गेली. १८३८-३९ मध्ये तिच्याच लोकांना सैन्य लावून गावांतून हुसकलं, हजारो वाटेत मेले. तिच्या भक्तीचं कौतुक झालं, पण तिच्या लोकांची जमीन काही वाचली नाही.

मुक्ताने उपकार मानले, पण हिशेबही मागितला. त्या काळी तिचं चरित्र कुणी लिहिलं नाही. माझ्या मते यात नवल नाही. हात जोडणारी मुलगी सगळ्यांना आवडते, प्रश्न विचारणारी कुणालाच नको. आपल्या घरात तरी दुसरं काय चालतं?

आता “आपला काय संबंध” ते सांगते. चातुर्मासात रत्नकरंड श्रावकाचार आपण वाचतो ना? त्यात समंतभद्राचार्य सांगतात की, सम्यग्दर्शन असेल तर मातंगाच्या कुळात जन्मलेल्यालाही देव म्हणावं. तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. शब्द ‘मातंग’च आहे, बायांनो! पुढे अहिंसाणुव्रताचं उदाहरण द्यायची वेळ आली, तेव्हा आचार्यांनी शेठ-सावकार निवडला नाही. मातंगच निवडला. तो यमपाल चांडाळ. चतुर्दशीला जीव घेणार नाही, हा नेम त्याने राजाची आज्ञा आली तरी मोडला नाही. ही कथा आपण पोरांना कौतुकाने सांगतो, आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईचा चहाचा कप मात्र खिडकीत वेगळा पालथा घालतो.

“चौक्याची शुद्धी पाळावी लागते,” असं लगेच म्हणाल. जरूर पाळा. पाणी गाळा, मर्यादेतलं धान्य वापरा, हातपाय धुवा. पण ही शुद्धी वस्तूंची आणि वागण्याची. त्यात जन्म कुणी घुसडला? मुनींच्या आहाराचा चौका वर्षातून किती दिवस लागतो? खिडकीतला कप तर तीनशे पासष्ट दिवस असतो. काही घरांत अजून शूद्रजलत्यागाचा नेम सांगतात. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवासाठी आपण दुहेरी फडकं धरतो, आणि दारात उभा असलेला पंचेंद्रिय जीव आपल्याला दिसत नाही! याला अहिंसा म्हणायचं असेल, तर आचार्यांचा श्लोक पोथीतून काढून टाका. दोन्ही एका घरात नांदायचे नाहीत.

कुणी म्हणेल, मुक्ताने वेदांबद्दल विचारलं, आपण कुठे वेद मानतो? म्हणूनच तर आपल्यावर जबाबदारी जास्त. जन्माने कुणी मोठा होत नाही, हे आपण अडीच हजार वर्षांपासून सांगतोय. त्या हिशेबाने तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापाशी तयार हवं होतं. आहे का?

येत्या पर्युषणात मंडळात रत्नकरंडाचा तो श्लोक वाचा, आणि लगेच मुक्ताबाईचा निबंध वाचा. आपल्या पोरींना वाचायला लावा. शाळा हिंदीत झाली तरी घरची मराठी त्यांना कळते. आणि वाचून झालं की खिडकीतला कप आत घ्या, आपल्या कपांच्या रांगेत ठेवा. सासूबाई काय म्हणतील, याची काळजी नको. श्रावकाचार त्यांनीही वाचलेला आहे.