तीस हातांचा साप आणि तळहातावरचे पिल्लू

(दीर्घ धागा)

इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याला दुर्मीळ प्राणी जमवण्याचा नाद होता. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या दरबारी जो कोणी अपूर्व जनावर आणून देई, त्याला भरघोस इनाम मिळे. त्या आशेने काही शिकाऱ्यांनी एक प्रचंड साप जिवंत पकडण्याचा विडा उचलला. डायोडोरस या सिसिलीच्या इतिहासकाराने सापाची लांबी तीस हात दिली आहे आणि हकीकतही बारकाईने लिहून ठेवली आहे.

पहिल्या प्रयत्नात हे लोक दोरांचे फास घेऊन गेले आणि त्यांतले दोघे प्राणास मुकले. दुसऱ्या खेपेस त्यांनी बळाऐवजी अक्कल वापरली. साप भक्ष्याच्या शोधात बाहेर पडताच त्याच्या बिळाचे तोंड दगडांनी बुजवले, शेजारी नवे बीळ खणले आणि त्यात वेतासारख्या लवचीक काड्यांची विणलेली भलीमोठी कणगी बसवली. साप परतला तेव्हा घोडेस्वार, तिरंदाज, गोफणवाले आणि कर्णे वाजवणारे असा फौजफाटा त्याच्या अंगावर गेला. भेदरलेला साप आसरा शोधत नेमका त्या कणगीत शिरला. पुढे अलेक्झांड्रियात त्याला उपाशी ठेवून नरम करण्यात आले आणि परदेशी पाहुण्यांना दाखवण्यासाठी राजाने तो पाळला.

तीस हात म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस फूट. हा आकडा अर्थातच फुगवलेला आहे. आज ठाऊक असलेले सर्वांत लांब अजगरही पंधरा-सोळा हातांच्या फारसे पुढे जात नाहीत. परंतु लांबी बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. हा साप पाळण्यासाठी राज्य लागले. पकडायला सैन्य, ठेवायला जागा, पोसायला खजिना, आणि राजा उद्या मेला तरी प्राण्याची व्यवस्था चालू ठेवील अशी राजसंस्था.

रोमचा ऑगस्टस याचीही अशीच एक गोष्ट आहे, आणि तिचे एक टोक भारतात आहे. दमास्कसच्या निकोलस याला अँटिओक येथे भारतातून ऑगस्टसकडे निघालेले एक शिष्टमंडळ भेटले. त्याने केलेले वर्णन स्ट्रॅबोने आपल्या भूगोलग्रंथात उतरवून घेतले आहे. पोरस नावाच्या राजाचे ग्रीक भाषेतील पत्र, जन्मतः हात नसलेला एक तरुण, मोठे विषारी साप, नदीतले तीन हातांचे कासव आणि दहा हात लांबीचा एक सर्प, अशा भेटी त्यांच्यासोबत होत्या. (याच मंडळींबरोबर भडोचचा एक श्रमणही होता, पुढे अथेन्समध्ये त्याने अग्निप्रवेश केला. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) दहा हात म्हणजे पंधरा फूट. ही लांबी भारतीय अजगराला शोभेल अशीच आहे, त्यामुळे हा आकडा विश्वासार्ह वाटतो. उलट ऑगस्टसने रोमच्या सभास्थानासमोर पन्नास हातांचा साप लोकांना दाखवला, असे स्वेटोनियस लिहितो, तेव्हा अभ्यासकाने किंचित हसून पुढे जावे.

प्राचीन काळी अजगर ही राजाची चैन होती. एकोणिसाव्या शतकात तो संस्थांकडे आला, आणि त्याबरोबर त्याच्या सहवासाचे पहिले नीट नोंदलेले धडेही आले. लंडनच्या टॉवरमधील प्राणिसंग्रहाचा प्रमुख आल्फ्रेड कॉप्स १८२६ मध्ये एका प्रचंड सापाला कोंबडी भरवत होता. साप कात टाकण्याच्या बेतात असल्याने त्याला नीट दिसत नव्हते. त्याचा नेम चुकला. कोंबडीऐवजी कॉप्सचा अंगठा तोंडात आला आणि क्षणार्धात त्याच्या हाताभोवती नि मानेभोवती वेटोळी पडली. दोन मदतनीस धावून आले आणि सापाचे दात मोडून त्यांनी त्याला सोडवले, म्हणून तो वाचला. महाभारताच्या वनपर्वात अजगर झालेल्या नहुषाने भीमाला धरले तेव्हा भीमाचे बळही व्यर्थ ठरले होते आणि युधिष्ठिराला यावे लागले होते. मोठ्या अजगराला हाताळताना दुसरा माणूस हजर असलाच पाहिजे, हा आजच्या जाणकार पालकांचा नियम या दोन्ही गोष्टींशी जुळतो. लक्षात घेण्यासारखे हे की कॉप्स अननुभवी नव्हता आणि साप चिडलेलाही नव्हता. त्याला फक्त दिसत नव्हते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की अजगराला कोंडणे हेच मुळात पाप. इतिहास इतका सोपा निकाल देत नाही. हिंदुस्थानात प्रवास केलेल्या लामार-पिको या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने सांगितले होते की अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांना स्वतःच्या शरीराची ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी ऊब कुठून देणार? पॅरिसच्या विद्वानांनी त्याला उडवून लावले. पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहात एका मादीने अंडी घातली. व्हालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने सुमारे दोन महिने तिच्या वेटोळ्यात तापमापक ठेवून नोंदी घेतल्या, आणि मादी भोवतालच्या हवेपेक्षा स्पष्टपणे उबदार असल्याचे दिसले. ही ऊब ती स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनातून निर्माण करते, हे १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील मादीवर झालेल्या अभ्यासातून पक्के झाले. जंगलातील बिळात हे कळणे जवळजवळ अशक्य होते. बंदिवासातल्या अजगरांनी विज्ञानाला पुष्कळ दिले आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तेव्हा खरा प्रश्न ‘अजगर पाळावा की नाही’ इतकाच नाही. तो कोणी पाळावा, आणि तो निर्णय कोणत्या दिवशी घेतला जातो, हे अधिक महत्त्वाचे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक विलक्षण बदल झाला. जे जनावर ठेवायला टॉलेमीला राज्य लागले, ते अमेरिकेत दुकानातून पिशवीत घालून घरी नेता येऊ लागले. १९९६ ते २००६ या काळात त्या देशात सुमारे ९९,००० ब्रह्मी अजगर आयात झाले. विकले जात ते बहुधा पिल्लू असे. दीड-दोन फुटांचे, सुरेख नक्षीचे, तळहातावर वेटोळे घालून बसणारे. हेच पिल्लू काही वर्षांत दहा फुटांच्या पुढे जाते, मादी सोळा-सतरा फुटांपर्यंत पोहोचू शकते, आणि आयुष्य वीस वर्षांहून अधिक असते. उंदरावर भागणारी भूक सशांवर जाते. काचेची पेटी अपुरी पडून खोली द्यावी लागते. म्हणजे निर्णय घेतला जातो तो प्राणी सर्वांत लहान असण्याच्या दिवशी, आणि घेणारा माणूसही बहुधा तरुण असतो. अठराव्या वर्षी आणलेला अजगर त्याच्या शिक्षणात, नोकरीत, बदलीत, लग्नात आणि मुलांच्या जन्मातही त्याच घरात असतो. मूळ करारात यांपैकी कशाचाही विचार झालेला नसतो.

मग एक दिवस मालक थकतो. प्राणिसंग्रहालये असे अजगर सहसा घेत नाहीत, कारण त्यांच्याकडे आधीच असतात. मारायला हात उठत नाही. अशा वेळी सर्वांत दयाळू वाटणारा मार्ग म्हणजे जवळच्या रानात सोडून देणे. दक्षिण फ्लोरिडात हे रान म्हणजे एव्हरग्लेड्स. उबदार, पाणथळ, उंच गवताने भरलेले, ब्रह्मी अजगराला जणू माहेरच.

या राष्ट्रीय उद्यानात पहिल्या ब्रह्मी अजगराची नोंद १९७९ ची आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने होमस्टेडजवळचे एक सर्पपैदास केंद्र उद्ध्वस्त केले आणि तेथून पुष्कळ अजगर निसटले. तेव्हापासून सारा दोष वादळावर टाकण्याची सोय झाली. वादळाचा हातभार लागलाही असेल. पण अजगर त्याच्या आधीपासून तिथे दिसत होते आणि वादळाला पिल्ले विकता येत नाहीत. २००० च्या सुमारास हे प्राणी तिथे पैदास करून स्थिरावले असल्याचे मान्य झाले. ऑक्टोबर २००५ मध्ये सुसरीच्या जातीचा अ‍ॅलिगेटर गिळून पोट फुटलेल्या अजगराचे छायाचित्र जगभर फिरले, तेव्हा सामान्य माणसाला प्रथमच काहीतरी बिघडल्याचे कळले.

किती बिघडले? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्री रस्त्यांवर दिसणाऱ्या सस्तन प्राण्यांची जुन्या नोंदींशी तुलना केली होती. रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९.३ टक्क्यांनी घटले होते, ओपॉसमचे ९८.९ टक्क्यांनी आणि बॉबकॅट या रानमांजराचे ८७.५ टक्क्यांनी. पाणथळीतले ससे तर दिसेनासेच झाले. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या एका मादीचे वजन ९८ किलो भरले आणि तिच्या पोटात १२२ अंडी वाढत होती. ज्या प्राण्यांच्या पिढ्यांनी अजगर कधी पाहिलाच नव्हता, त्यांच्यापुढे हा शत्रू उभा ठाकला.

आणि शत्रू तरी कोण? हाच ब्रह्मी अजगर त्याच्या मायभूमीत, आग्नेय आशियात, कातडे आणि मांस यांच्यापायी इतका मारला गेला की जागतिक यादीत त्याची गणना संकटग्रस्तांत होते. घरी दुर्मीळ आणि परक्या मुलखात अतोनात, असा हा प्राणी आहे. त्याला खलनायक ठरवण्याचा उतावळेपणा वाचकांनी करू नये.

निस्तरण्याच्या प्रयत्नांचा इतिहासही बोलका आहे. २०१६ च्या अजगर-शोध स्पर्धेत हजाराहून अधिक लोक उतरले आणि महिनाभरात १०६ अजगर सापडले. गवतात निश्चल पडलेला सतरा फुटांचा साप चार पावलांवरूनही दिसत नाही. जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूतून इरुळा जमातीचे दोन सर्पशोधक बोलावले गेले. त्यांनी दोन आठवड्यांच्या आत १३ अजगर शोधून काढले. यात एक उपरोध दडलेला आहे. इरुळा लोक पिढ्यान्‌पिढ्या कातड्याच्या व्यापारासाठी साप पकडत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे कातड्यांच्या निर्यातीवर आलेली बंदी यांमुळे तो धंदा संपला. १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि ते प्रतिविषासाठी लागणारे विष पुरवू लागले. सापांना वाचवणाऱ्या कायद्याने ज्यांची उपजीविका बदलली, त्यांचेच कसब सापांचा अमर्याद व्यापार करणाऱ्या देशाला उसने घ्यावे लागले.

अमेरिकेतले कायदे मात्र मागाहून आले. २००८ पासून फ्लोरिडात परवाना आणि त्वचेखाली चिप सक्तीची झाली. २००९ मध्ये त्याच राज्यात पेटीतून निसटलेल्या पाळीव अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. २०१० मध्ये असे अजगर नव्याने पाळण्यास तिथे बंदी आली, आणि २०१२ मध्ये केंद्र सरकारने ब्रह्मी अजगराची आयात व राज्याराज्यांतील वाहतूक रोखली. तोवर पहिल्या नोंदीला तेहतीस वर्षे उलटून गेली होती.

यावर छंदिष्टांचे म्हणणे असे की काही बेजबाबदार लोकांमुळे सर्वांना शिक्षा का? आक्षेप प्रामाणिक आहे. वीस-वीस वर्षे अजगर निगुतीने सांभाळणारे लोक आहेत आणि त्यांचे ज्ञान अनेकदा संस्थांच्या तोडीचे असते. परंतु एव्हरग्लेड्सचे गणित सरासरीने चालत नाही. नव्वद जण चोख निघाले तरी उरलेल्या दहांनी सोडलेले अजगर पुरेसे असतात, आणि पिल्लू घेताना आपण त्या दहांपैकी आहोत असे कोणालाही वाटत नसते. म्हणूनच हा निर्णय व्यक्तीच्या सदिच्छेवर सोडता येत नाही. महाकाय अजगर ठेवायचा तर तो मालकाच्या मागे टिकणाऱ्या संस्थेनेच ठेवावा.

महाराष्ट्रातील तरुणांपुढे हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात येतो. आपल्या रानातला अजगर घरी ठेवण्याचा पर्यायच नाही: तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि गुन्हा सिद्ध झाल्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आहे. मोह पडतो तो परदेशी जातींचा. चित्रफितींमध्ये आफ्रिकेचा लहान बॉल पायथन गळ्यात घालून बसलेली मुले दिसतात, आणि लहानावरून मोठ्याकडे मन वळायला वेळ लागत नाही. २०२० मध्ये केंद्राने अशा परदेशी प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्यास सहा महिन्यांची मुभा दिली होती. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, २०२४ च्या नियमांनी, आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातील प्राण्यांची ऑनलाइन नोंदणी बंधनकारक झाली. जन्म, मृत्यू आणि हस्तांतर या साऱ्यांची खबर द्यावी लागते. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी पावसाळी, उबदार रान आहे, ससे आहेत, आणि ‘सोडून देणे’ या शब्दांना आपल्याकडे पुण्याचा वास आहे.

फ्लोरिडाने २००६ पासून एक वेगळी वाट काढली आहे. ठरलेल्या दिवशी मालकाने नकोसा झालेला परदेशी प्राणी घेऊन यावा. दंड नाही, चौकशी नाही. पशुवैद्य प्राणी तपासतात आणि आधीच पारखून ठेवलेल्या पालकांकडे तो सोपवतात. भारतात नोंदणीचे दार उघडले आहे, पण थकलेल्या मालकाने अजगर घेऊन जावे असा दिवस अजून कोणत्याही दिनदर्शिकेत नाही.