संशयाचा फायदा शिपायाला

साताऱ्याजवळच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून भरतीला निघालेल्या पोराचे दोन्ही गुडघे एकमेकांस लागतात काय, तळवा सपाट आहे काय, कानात मळ साचला आहे काय, हे सारे लष्करी डॉक्टर कसोशीने पाहतात. परंतु एवढ्या बारीक चाळणीतून निवडलेल्या त्याच तरुणास काही वर्षांनी आकडी येऊ लागली आणि वैद्यकीय मंडळाने त्यास घरी धाडले, तर त्याच्या कागदांवर ‘विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेने बळावलेलाही नाही’ असा शेरा पडतो, व्याधी मुळातच प्रकृतीत होती असे कळविले जाते, आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाचा अर्ज फेटाळला जातो.

सिग्नल्स कोअरमध्ये 1985 साली दाखल झालेल्या आणि सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर अपस्मारापायी घरी पाठविल्या गेलेल्या एका शिपायाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली या शेऱ्याची झडती घेतली. भरतीच्या वेळी दप्तरात व्याधीची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असेच मानावे, विकार तपासणीत का आढळू शकला नसता याची कारणे मंडळाने लिहावीत, पुराव्याचा भार दावेदारावर टाकू नये आणि वाजवी संशयाचा फायदा त्यालाच द्यावा, असा त्या निकालाचा आशय. यात क्रांतिकारक असे काहीच नव्हते. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या 1982 च्या नियमांतच हे होते. तरीही सरकार अशा जवानांविरुद्ध अपिले करीत राहिले, आणि ती आवरावीत असे संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीस 2015 मध्ये सांगावे लागले.

व्याधी पूर्वीचीच होती असे घटकाभर मानले, तरी प्रश्न संपत नाही. कारण सेवेने ती बळावली असल्यास हक्क शाबूत राहतो. सियाचिनच्या विरळ हवेत पाळ्या काढून आलेल्या माणसाचा रक्तदाब पुण्याच्या छावणीत प्रथम मोजला गेला, म्हणून तो ‘शांतता क्षेत्रातला’ ठरविणे म्हणजे आजार आणि त्याची नोंद यांतला भेदच पुसून टाकणे होय. दुय्यम विकारांची कथा याहून बिकट आहे. गस्तीवर असताना गुडघा निखळला, माणूस वर्षानुवर्षे दुसऱ्या पायावर भार टाकून चालला, आणि पुढे कमरेचा मणका दुखावला, तर गुडघ्याची इजा सेवेतली धरून मणक्याचे दुखणे वयावर लोटण्याचा मोह मंडळाला सहज पडतो. जखमेला मणक्याशी जोडणारा जो कार्यकारणसंबंध, तो मंडळाच्या तक्त्यात कोठेच उमटत नाही.

काही दावे लबाडीचे असतात, हे मीही नाकारीत नाही. आणि शिपायांपेक्षा अधिकाऱ्यांत अशा निवृत्तिवेतनाचे प्रमाण अधिक असल्याचे लेखापरीक्षकांनी दाखविले, त्याची छाननी अवश्य व्हावी. परंतु त्या संशयाची झळ आकडीने खाटेवर पडलेल्या शिपायाला का लागावी, हे मला उमगत नाही. 2023 मध्ये या निवृत्तिवेतनाचे नवे नियम आले तेव्हा माजी सैनिकांच्या मनात हीच धास्ती होती, आणि ती अनाठायी नव्हती.

नोकरीतली वैद्यकीय दप्तरे सरकारच्याच ताब्यात असतात. निवृत्तीच्या दिवशी त्यांची संपूर्ण नक्कल जवानाच्या हाती द्यावी, मंडळाने नकाराची कारणे त्याला समजेल अशा भाषेत लिहावीत, आणि कारण लिहिता येत नसेल तर त्याला मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणाची पायरी चढायला न लावता दावा त्याच बैठकीत मंजूर करावा.